विन्या नावाची फाईल

प्रिय ताई,

सगळ्यात आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. माझ्या घरात आजच्या घडीला अकरा चार्जर आहेत. त्यातले चार कशाचे आहेत हे कुणालाही सांगता येत नाही, दोन चालतात पण कशालाच बसत नाहीत, आणि एक भिंतीला टेकवून ठरावीक कोनात उभा केला तरच प्रसन्न होतो. एवढ्या मोठ्या खानदानात तुझ्या लॅपटॉपच्या त्या गोल भोकात जाईल असा एकही निपजू नये, हा घोर अन्याय नाही तर काय? याची दाद कुणाकडे मागायची, अर्ज कुणाच्या नावानं करायचा, हे मी तुलाच विचारलं असतं. खालापूरला तहसील कचेरीबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिणारी बहीण असली, की माणसाला असल्या गोष्टी शिकायची गरज वाटत नाही. मग बहीण जाते, आणि माणूस चार्जर मोजत बसतो.

म्हणून हे पत्र. तुला जाऊन चार महिने झाले. काल खालापूरला एक काम झालं, ते तुला कळवणं भाग आहे. पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय तुझा विश्वास बसायचा नाही, कारण ते काम मी केलं आहे.

तुझा चार्जर मीच टाकला, हे आधी कबूल करतो. तेराव्यानंतर कर्जतमधल्या भिसेगावची तुझी खोली आवरताना, काळ्या चिकटपट्टीचे सात वेढे दिलेली ती वायर कुणीतरी वर धरली आणि विचारलं, हे ठेवायचं का? मी म्हणालो, टाका. घंटागाडी दारातच उभी होती. लॅपटॉप मात्र ठेवून घेतला, आठवण म्हणून. ही आठवण कधी चालू करावी लागेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मग सुमनबाई आल्या.

तुझा महिना झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. डोंगराकडच्या गावातून दोन गाड्या बदलून आल्या, चपला काढून उंबऱ्यातच बसल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दोन कार्डं. एकावर माहेरचं नाव, चांगुणा. दुसऱ्यावर लग्नात नवऱ्यानं तांदळात बोटानं लिहिलेलं नाव, सुमन. नवरा वारला, निराधार अनुदानाचे कागद झाले, आणि मग लक्षात आलं की कागद सुमनचे आहेत आणि खातं चांगुणाचं. आता सरकारला कळणार कसं की दोघी एकाच पातळात आहेत? तसा अर्ज तू लिहून देणार होतीस.

मी म्हणालो, बाई, ताई गेली. त्या म्हणाल्या, ठाव हाय. मग कार्डं पिशवीत परत गुंडाळत म्हणाल्या, "त्या दिशी मी पुढ्यातच बसलेली. ताई म्हनल्या, थांब गं वाईच, आदी भावाला लिवते, मंग तुजं घेते. लय येळ लिवत होत्या. एकदा डोळं पुसलं. मंग माजं घेतलं. आन् मधीच लाइट गेली. म्हनल्या, उद्या ये."

त्याच संध्याकाळी तू गेलीस.

भावाला लिहिते, असं म्हणालीस? ताई, चौदा महिने तू माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हतीस. राखी पोस्टानं यायची, कर्जतमधल्या कर्जतमध्ये. मी भाऊबीजेला आलो तर ओवाळलंस, करंज्या पुढ्यात ठेवल्यास आणि बोललीस ती शेजारच्या मांजराशी. आणि मग एक दिवस बसून मला लिहिलंस, रडलीस, आणि मी ते वाचायच्या आत निघून गेलीस. हे काय वागणं झालं?

त्या चौदा महिन्यांच्या आधी काय झालं ते सगळं मला पाठ आहे. तुलाही असेलच, पण आता माझ्या तोंडून ऐक.

नवा अर्ज म्हणजे नवं पान हे तुला कधी पटलंच नाही. समोर जी फाईल उघडी असेल तिच्यावरच तू पुढच्या माणसाचा अर्ज चढवायचीस. वरून सुरुवात करायची, जुनं खोडायचं, नवं लिहायचं, खाली सरकायचं. मायना तोच, साहेब तोच, फक्त दुःख बदलायचं, असं तूच म्हणायचीस. त्यात तुझी बॅटरी मेलेली. लॅपटॉप झेरॉक्सवाल्याकडून ओढलेल्या वायरीवर चालायचा, वीज गेली की पडदा काळा. म्हणून तू दर ओळीला सेव्ह करायचीस. तीन वर्षं मला सांगत होतीस, मुंबईला जातोस तर या बॅटरीचं बघ रं. मी तीन वर्षं म्हणत होतो, उद्या बघतो.

अशात चौक गावाकडच्या एका म्हाताऱ्याच्या ज्येष्ठ नागरिक ओळखपत्राच्या अर्जात आधीच्या गिऱ्हाइकाची शेवटची ओळ राहून गेली. म्हाताऱ्याचं नाव, वय, पत्ता, आणि खाली: सदर म्हैस दुभती असून विजेचा धक्का लागून जागीच मयत झाली, सबब नुकसानभरपाई मिळावी. अर्ज परत आला. तू तो किस्सा मला चहा पिता पिता सांगितलास. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. दुसऱ्या दिवशी त्या म्हाताऱ्याला फुकट नवा अर्ज लिहून देणार होतीस.

मी दर आठवड्याला एका साप्ताहिकात लोकांची टिंगल करतो, त्याला विनोदी सदर म्हणतात. पुढच्या अंकात म्हैस आली. गाव आलं, शेड आली, तुझा चष्मा आला. सगळ्यांना कळलं. लोकांनी मला फोन करून दाद दिली. म्हाताऱ्याला त्याच्या गावातली पोरं हंबरून दाखवू लागली. तो नव्या अर्जासाठी आलाच नाही.

तू माझ्या दारात आलीस, आत आली नाहीस. "तू मला हसलास ते सोड रं, विन्या," म्हणालीस. "तो म्हातारा आता कुठल्या टेबलापुढं उभा राहायचा नाही. त्याला मी काय लिहून देऊ?"

मला उत्तर सुचलं नाही. मला, ताई! ज्याला दर आठवड्याला आठशे शब्द सुचतात त्याला. नंतर सुचलं ते इतकं वाईट होतं की बरं झालं तू थांबली नाहीस.

तर, तू मला काय लिहिलंस हे त्या लॅपटॉपमध्ये होतं, आणि लॅपटॉप दगड झाला होता. मी तो घेऊन कर्जतच्या बाजारात इक्बालभाईंकडे गेलो. तुझी त्यांची ओळख होतीच. रेडिओपासून मोबाइलपर्यंत सगळं उघडणारा आणि निम्मंशिम्मं बंद करणारा माणूस. वाडवडील श्रीवर्धनकडचे, त्यामुळे बोलणं सावकाश आणि समुद्रासारखं परत परत तिथंच येणारं. त्यांनी लॅपटॉप हातावर तोलला आणि म्हणाले, ताईंचं मशीन आहे म्हणून हात लावतो, बाकी वय झालंय याचं.

आधी त्यांनी आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली. फायलींची नावं दिसली. रेशन, नमुना, नमुना दोन, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेली एक: विन्या. या नावानं हाक मारणारं आता जगात कुणी उरलेलं नाही. उघडली, तर मराठीच्या जागी उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं, चौकोन आणि प्रश्नचिन्हं. तुझा तो मराठी फॉन्ट कुणीतरी कधीतरी फ्लॉपीतून दिलेला, आता तो इंटरनेटलाही आठवत नाही. इक्बालभाईंनी डिस्क परत जागेवर बसवली; तुझं पत्र फक्त तुझ्याच मशीनला वाचता येत होतं. आणि तुझ्या मशीनला हवे होते पंधरा व्होल्ट, बरोब्बर पंधरा, एका अशा पिनेतून जी आता कुणी बनवत नाही. मुंबईहून मागवलेला, सगळ्यांना चालतो म्हणणारा चार्जर खरंच सगळ्यांना चालला. एक तुझा लॅपटॉप सोडून.

मग मला कळलं की जगात काही वेडे लोक असे म्हातारे लॅपटॉप आजच्या पॉवर बँकेवर चालवतात. हौसेनं! मी विटेएवढी एक पॉवर बँक घेतली, भंगारातून तशी एक पिन मिळवली, जोडली. काहीही झालं नाही. इक्बालभाई माझ्याकडे बघत होते, तू माझ्या पहिल्या निबंधाकडे बघायचीस तसे.

"ही आपल्या मनानं पाचच देते, भाऊ," ते म्हणाले. "पंधरा पायजे तर मागायला लागतं. त्याची केबल वेगळी येते, तिच्या आत चिप असते. ती अर्ज करते. बरोबर मागितलं तर बरोबर देते, नाय तर बसा."

बघ! विजेच्या दुनियेतसुद्धा तुझ्यासारखं कुणीतरी बाहेर शेड टाकून बसलेलं लागतंच.

पहिली केबल आली. इक्बालभाईंनी ती लॅपटॉपला लावायच्या आधी मीटर लावून पाहिला आणि जीभ चावली. ती पंधरा नाही, वीस मागत होती. लावली असती तर तुझं पत्र माझ्या डोळ्यांदेखत धूर होऊन गेलं असतं. दुसरी यायला आठ दिवस लागले. ती बरोबर पंधरा मागत होती. जोडली तर दिवा लागला, विझला, लागला, विझला. तुझी ती मेलेली बॅटरी आत बसून आलेलं सगळं पिऊन टाकत होती आणि पॉवर बँक घाबरून हात आखडता घेत होती. इक्बालभाईंनी बॅटरीच उपसून बाहेर ठेवली. मग पंखा घुरघुरला. दुकानात आलेलं गिऱ्हाईक मोबाइलची काच बदलायची विसरून बघत उभं राहिलं.

लॅपटॉपनं आधी तारीख विचारली. त्याच्या आतलं घड्याळ केव्हाच बंद पडलेलं. त्याच्या मते आज त्याच्या जन्माचा दिवस होता. त्या तारखेला तू चाळिशीचीही नव्हतीस आणि माझ्याशी बोलत होतीस. मी तारीख तशीच ठेवली आणि एंटर दाबलं.

फाईल उघडली. पहिली ओळ होती: प्रति, मा. तहसीलदार साहेब, खालापूर.

मला वाटलं चुकीची फाईल उघडली. बंद करून पुन्हा उघडली. तेच. विषय: चांगुणा व सुमन ही एकच व्यक्ती असल्याबाबत. महोदय, मी खाली सही करणार. पुढे सुमनबाईंचं माहेर, सासर, लग्न, तांदळातलं नाव, नवऱ्याचा मृत्यू. एकही शब्द जादा नाही. आणि मग: तरी मे. साहेबांनी मेहेरबानी करून माझ्या दोन्ही नावांची

इथे वीज गेली होती.

त्याच्या खाली एक रिकामी जागा आणि मग दोन ओळी:

"हे एवढं माझ्यासाठी कर. जमणार नसेल तर तसं सांग, उद्या उद्या करू नकोस.
मीठ कमी खा. ताई"

बस. एवढंच. वरचं सगळं तूच, एकेक ओळ सेव्ह करत, सुमनबाईंच्या अर्जाखाली गाडून टाकलं होतंस. माझं पत्र समोर उघडं होतं, म्हणून त्याच्यावरच पुढचं गिऱ्हाईक! सवयीनं केलंस की मुद्दाम? लिहून झालं, मन मोकळं झालं, आता याला द्यायची गरज नाही, असं काही वाटलं का तुला? की उद्या पुन्हा लिहिणार होतीस?

आणि काय करू तुझ्यासाठी? "हे एवढं" म्हणजे केवढं? मी त्या दोन शब्दांकडे बघत बसलो. म्हाताऱ्याची माफी माग, असं असेल. सदर बंद कर, असं असेल. किंवा अगदी साधं, मुंबईहून बॅटरी आण! तेही असेल, तुझं काही सांगता येत नाही. बॅटरी मी वेळेवर आणली असती तर तुला दर ओळीला सेव्ह करावं लागलं नसतं आणि माझं पत्र असं ओळीओळीनं पुसलं गेलं नसतं. पण वीज जाऊन लॅपटॉप बंद पडला नसता तर तू खालपर्यंत पोचली असतीस आणि या दोन ओळीही राहिल्या नसत्या. म्हणजे मला धड अपराधीही होता येईना. आयुष्यात पहिल्यांदाच वीज गेल्याबद्दल कुणाचे तरी आभार मानावेसे वाटले, तर ते कुणाचे मानायचे हेही कळेना.

इक्बालभाईंना विचारलं, खालचं काही निघेल का? त्यांनी तासभर खटपट केली. शेवटी मान हलवली. एकावर एक लिहिलंय, खालचं नाय निघत, म्हणाले. मग माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं, प्रति पासून ताई पर्यंत, ओठ हलवत.

"मग बरोबर आहे की," ते म्हणाले. "या बाईचं काम करा म्हणून सांगितलंय तुम्हाला. उद्यावर टाकू नका, असं."

मी तोंड उघडलं. त्यांना समजावणार होतो की हे दोन वेगळे कागद आहेत, ही चूक आहे, ताईची नेहमीची. म्हशीची. त्याऐवजी पडद्याचा फोटो काढला. पॉवर बँकेच्या चार दिव्यांतला एकच उरला होता. इक्बालभाईंनी लॅपटॉप बंद केला आणि त्यावरची धूळ बाहीनं पुसली, जी मघाशीच पुसली होती.

घरी येऊन मी तो अर्ज माझ्या संगणकावर नव्यानं टाइप केला. कोऱ्या फायलीत. तुझ्या दोन ओळी त्यात घेतल्या नाहीत; तहसीलदारांनी मीठ कमी का खावं याचा खुलासा मला करता आला नसता. पण तुझं ते अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायला मला अख्खी दुपार लागली, ताई. दोन्ही नावांची, याच्यापुढे काय लिहितात गं? नोंद घ्यावी? खातरजमा करावी? मी आठ प्रकारे लिहून पाहिलं. प्रत्येक वेळी वाक्य थोडंसं विनोदी व्हायचं. मला दुसरं येतच नाही, हे मला त्या दुपारी कळलं. शेवटी लिहिलं: माझ्या दोन्ही नावांची बाई एकच आहे असे मानावे. बरोबर आहे का?

काल सुमनबाईंना घेऊन खालापूरला गेलो. तुझ्या शेडमध्ये आता चहावाल्याच्या जादा खुर्च्या रचलेल्या आहेत. रांगेत त्या पुढे, मी मागे. गाडीत त्यांनी मला विचारलं होतं, तुमी पन लिवता ना, ताई म्हनायच्या. काय लिवता? मी म्हणालो, असंच. त्या म्हणाल्या, असंच कोन लिवतं?

खिडकीशी सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी पेन धरलं आणि थांबल्या. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "कोनतं नाव लिवू?"

मी विचारलं, ताई काय म्हणाली होती?

"म्हनल्या, दोन्ही लिव. दोन्ही तुजीच हायती."

त्यांनी दोन्ही लिहिली. एकेक अक्षर, जीभ दातात धरून. आधी चांगुणा, मग सुमन. मागची रांग चुळबुळत होती. एक जण म्हणाला, काकी, आटपा की. त्यांनी काही आटपलं नाही. आतल्या कारकुनानं अर्ज वाचला, मान वर केली, कुणी लिहिलाय म्हणून विचारलं. मी म्हणालो, ताईनं. तो हसला नाही. आमची प्रत शिक्क्यासाठी आत घेऊन गेला आणि आम्ही बाकावर बसलो.

तिथं बसून मी ठरवलं ते सांगतो. "हे एवढं" म्हणजे काय ते मला आता कधीच कळणार नाही. मी पुन्हा पुन्हा तो फोटो मोठा करून बघतो, जणू मोठा केला की वरच्या ओळी दिसतील. नाही दिसत. तेव्हा जे जे ते असू शकेल, ते सगळं एकेक करत जाईन. चौकला जाईन. तो म्हातारा दार उघडेल की नाही, मला काय म्हणेल, माहीत नाही. काही म्हणालाच तर ऐकून घेईन, त्यावर लिहिणार नाही. बॅटरी शोधीन, आता तुझ्या लॅपटॉपला तिचा उपयोग नसला तरी. मीठ कमी केलं आहे, जेवण अगदी बेचव लागतं. आणि यातलं एकही तू सांगितलेलं नसेल, तर निदान तुला ते तसं सांगता येणार नाही, एवढाच काय तो मला दिलासा.

प्रत आली. शिक्का नीट उमटला होता. मी ती सुमनबाईंच्या हातात दिली, त्यांनी पदरानं शाई वाळवली आणि पिशवीत दोन्ही कार्डांच्या मधे ठेवली.

तुझा,
विन्या